उजव्या कोपऱ्यात पळणारा थेंब

"सही करणार नाही," असं मी पहिल्याच वेळी सांगितलं होतं. साहेबांना वाटलं मला कागद नीट वाचता आला नाही, म्हणून त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. 'काचेवरील लेप असमान असल्यामुळे थेंब ठरलेला मार्ग सोडून जातो. लेपाची जबाबदारी कोटिंग विभागाची आहे.' आमच्या लॅबमध्ये कोटिंग विभाग म्हणजे एक खोली, एक टाकी, एक भट्टी आणि मी. विभागाचं नाव पुढे करून खापर माझ्याच डोक्यावर फोडलं होतं, फक्त सभ्य भाषेत.

"ताई, तुम्हाला कुणी दोषी म्हणत नाहीये," साहेब म्हणाले.

"मग सही माझीच का हवीय?"

"नुसती नोंद आहे हो. शुक्रवारी डॉक्टरबाई येतायत. मागच्या वेळी त्यांच्यासमोर थेंब भलतीकडे गेला. या वेळी त्यांना सांगता आलं पाहिजे की दोष सापडला. पुढच्या महिन्यापासून लेप दिलेल्या काचा आपण बाहेरून मागवू. तुम्हाला पॅकिंगला घेऊ. तिकडे कामही हलकं आहे."

अकरा वर्षं मी काचा बुडवतेय. त्याआधी चष्म्यांच्या दुकानात भिंगांना लेप द्यायचे, ती नऊ वर्षं वेगळी. वीस वर्षांत माझी एक काच कुणी परत पाठवली नव्हती, आणि हा माणूस मला हलक्या कामाचं आमिष दाखवत होता! माझे कान तापले.

"शुक्रवारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "दोष कुणाचा ते मी शोधून देते."

"शुक्रवारी दहाच्या आत सही हवी," ते म्हणाले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आता हा थेंब चालतो कसा ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला अर्धाच कळेल. आमची काच तळहाताएवढी. तिच्यावर धातूचे बारीक चौकोन, एकाला एक लागून, फरशी बसवल्यासारखे. त्यांच्यावर वीज अडवणारा पातळ थर, आणि सगळ्यात वर माझा लेप. इतका गुळगुळीत, की मोहरीएवढा थेंब त्याच्यावर पसरत नाही, मणी होऊन बसतो. शेजारच्या चौकोनाला वीज दिली की थेंबाचा त्या बाजूचा काठ ओढला जातो, खाली चेपतो आणि काचेला धरतो. थेंब तिकडे सरकतो. मग पहिला चौकोन बंद, त्याच्या पुढचा चालू. थेंब आणखी एक पाऊल पुढे. असं चौकोनामागून चौकोन बोलवत थेंबाला कुठेही नेता येतं, दुसऱ्या थेंबात मिसळता येतं, दोन तुकडे करता येतात. नळी नाही, पंप नाही.

डॉक्टरबाईंना हे मशीन हवं होतं ते तान्ह्या बाळांसाठी. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, मुठीएवढा जीव, आणि तपासणीला कुपीभर रक्त मागायचं म्हणजे पापच. आमच्या मशीनला टाचेतून काढलेला एक थेंब पुरतो. पण तो थेंब औषधाच्या थेंबाकडे जायच्या ऐवजी कोपऱ्यात पळाला तर बाळाला पुन्हा टोचायचं. मागच्या वेळी डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "दुसऱ्यांदा टोचायला मी येणार नाही." त्यांचं बरोबरच होतं.

मला साहेबांच्या कागदापेक्षा त्या वाक्याची भीती जास्त वाटत होती. खरंच माझ्या लेपात खोट असली तर? शुक्रवारपर्यंत कशाला थांबा, त्याच दुपारी मी एकामागून एक सहा काचा बुडवल्या, भट्टीत भाजल्या, गार केल्या आणि चाचणीचं जुनं मशीन खोलीत आणून थेंब टाकून पाहिल्या. सहाही काचांवर थेंब शहाण्यासारखा सांगितल्या चौकोनावर गेला. माझ्या खोलीत थेंब शहाणा आणि साहेबांच्या खोलीत वेडा! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे नाचणारा वेगळा, अंगणवाली वेगळी, आणि झाडू माझ्या हातात.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते. सकाळी फोनवर मी त्यांना कागदाचं सांगितलं होतं.

"सही केलीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग हात धू आणि जेवायला बस. केली असतीस तर उपाशी झोपवली असती."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. बाबांच्या हिशेबात मी अजून चौथीतच आहे.

जेवता जेवता मी सगळं सांगितलं. बाबा शाळा सोडून कारखान्यात लागले, वेष्टनाच्या प्लास्टिकच्या कारखान्यात, आणि तिथूनच निवृत्त झाले. विजेच्या थेंबांबद्दल त्यांना काय कळणार असं मला वाटत होतं. पण त्यांनी प्रश्न बरोबर विचारला.

"तुझ्या खोलीत थेंब पळत नाही. मग तुझ्या हातातून सुटल्यावर त्या काचेचं काय काय होतं ते सांग. एकही गोष्ट गाळू नकोस."

"काही होत नाही हो. पॅकिंगला जाते, तिथे वर प्लास्टिकची फिल्म चिकटवतात, धूळ बसू नये म्हणून. मग साहेबांच्या खोलीत. ते फिल्म काढतात आणि काच मशीनमध्ये ठेवतात."

"आधीपासून लावता फिल्म?"

"नाही. दोन महिने झाले. साहेबांचीच कल्पना. नव्या मोबाइलवर असते ना, तशी. पाहुण्यांसमोर स्वतः काढतात."

"कशी काढतात?"

मी हाताने करून दाखवलं. साहेबांची ती खास ऐट आहे. डाव्या हातात काच धरायची, उजव्या हाताच्या चिमटीत खालचा डावा कोपरा पकडायचा आणि वर उजवीकडे सर्रकन ओढायचं, एका झटक्यात. तो आवाज त्यांना फार आवडतो. आवाज झाला की पाहुण्यांकडे बघतात.

बाबांचा हात शेंगेवरच थांबला. मग ते इतके हसले की मांडीवरचे दाणे जमिनीवर सांडले.

"अगं, अठ्ठावीस वर्षं मी रोल उलगडला. प्लास्टिक कशावरूनही ओढून काढलं की त्यात वीज राहते. हवा कोरडी असली तर मशीनजवळ नुसतं गेलं तरी हातावरचे केस उभे. नवा माणूस आला की आम्ही त्याला म्हणायचो, जा, ती लोखंडी दांडी जरा पुस. असा उडायचा! म्हणून तर रोलवर तांब्याच्या तारांची झालर सोडलेली असायची, वीज उतरून जायला. तुझे साहेब एवढे शिकलेले, त्यांनी आयुष्यात कधी वेष्टन काढलं नाही? ते हाताला चिकटतं ते काय प्रेमाने?"

माझा घास हातात तसाच राहिला. काचेवरही तीच वीज राहणार. काच म्हणजे तरी काय, वरचा माझा लेप प्लास्टिकच्याच जातीचा. आम्ही चौकोनाला मोजून मापून वीज देतो आणि त्याआधीच साहेबांनी झटका मारून कोपऱ्यात फुकटची वीज ठेवून दिलेली. थेंबाने कुणाचं ऐकायचं?

मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू. पण आनंदाच्या आधी राग आला. दोन महिने मी रोज रात्री माझ्या हातांकडे संशयाने बघत होते.

गुरुवारी सकाळी मी बटणवालीला गाठलं. कुठला चौकोन कधी चालू करायचा ते ठरवणारी आमची इंजिनिअर; दिवसभर बटणं दाबते म्हणून लॅबमध्ये सगळे तिला बटणवाली म्हणतात, तीही ओ देते. बिघडलेल्या काचांच्या चित्रफिती तिच्याकडे होत्या.

"नऊ काचा बिघडल्या," ती म्हणाली. "सात काचांवर थेंब उजव्या वरच्या कोपऱ्यात गेला. दोन काचांवर डाव्या."

"त्या दोन कधीच्या?"

तिने तारखा बघितल्या. "साहेब बाहेरगावी होते तेव्हाच्या."

"मग फिल्म कुणी काढली?"

 तिने फक्त स्वतःच्या हाताकडे बघितलं. बटणवाली डावरी आहे.

आम्ही दार लावलं. फिल्म लावलेली काच घेतली, मशीनचा प्लग भिंतीतून काढून टाकला, आणि मी साहेबांसारखी ऐटीत फिल्म ओढली. मधोमध थेंब सोडला. थेंब क्षणभर थरथरला आणि निघाला. तिरका, घाईघाईने, थेट उजव्या वरच्या कोपऱ्यात. प्लग जमिनीवर पडलेला होता. मग वीज उतरावी म्हणून तीच काच मी स्पिरिटने धुतली, वाळवली आणि पुन्हा थेंब सोडला. बसला जागच्या जागी.

"ताई, हे साहेबांना तुम्ही सांगा," बटणवाली म्हणाली. "मला यात ओढू नका. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही."

"तुला ओढणार नाही," मी म्हटलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं. दारावर टकटक करून, हात पुढे बांधून, नम्रपणे सांगितलं, हेही लिहून ठेवते. साहेबांनी निम्मं ऐकलं आणि हसले. ते हसू मला अजून टोचतं.

"ताई, घासून वीज येते हे शाळेतल्या पोरांना शिकवतात. ते तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही. एकदा येऊन बघा म्हणतेय. पाच मिनिटं."

"त्या फिल्मचं मुख्य ऑफिसने पत्र पाठवून कौतुक केलंय. आणि लेप चांगला असता तर एवढ्याशा विजेने थेंब हललाच नसता."

"लेप चांगला आहे म्हणूनच तो एवढ्याशा विजेनेही हलतो! वाईट असता तर चिकटून बसला असता."

साहेबांचा चेहरा कडक झाला. "उद्या दहाच्या आत सही," ते म्हणाले. "नाहीतर पॅकिंगलाही जागा नाही."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. खोलीत येऊन मी दोन मिनिटं रडले. नंतर तोंड धुतलं, एक काच निवडली, तिच्यावर फिल्म लावू दिली नाही आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, दोन महिन्यांपूर्वी ठेवायचे तशी.

शुक्रवारी दहा वाजले. कागदावर सही नव्हती. डॉक्टरबाई आल्या, उंच, पायात सपाता, हातात स्वतःची पिशवी. साहेबांनी त्यांना बसवलं, मशीनची माहिती दिली आणि म्हणाले, "मागचा दोष आम्ही शोधलाय. लेपाचा होता. आता ती व्यवस्थाच बदलतोय." मी दारात उभी होते आणि हे माझ्यासमोर बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाने ती उभं राहून बघायची!

मग त्यांनी काच उचलली. चिमटीत कोपरा पकडला. सर्रकन आवाज झाला. त्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं आणि काच मशीनमध्ये ठेवली.

मी आत गेले, भिंतीपाशी वाकले आणि मशीनचा प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"डॉक्टरबाई," मी म्हटलं, "मशीन बंद आहे. प्लग माझ्या हातात आहे. तुम्ही स्वतः या काचेच्या मधोमध एक थेंब सोडा."

"ताई, बाहेर व्हा!"

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला, पिपेट उचलली आणि थेंब सोडला.

थेंब निघाला. कुणीही न बोलावता, बिनविजेच्या मशीनवर, तिरका चालत गेला आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला. 

"याला कोण चालवतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"साहेबांचा हात," मी म्हटलं. "फिल्म ओढली की वीज काचेवर राहते. झटका जिथे संपतो तिथे सगळ्यात जास्त. थेंब तिकडेच जाणार, बिचाऱ्याचा काय दोष."

साहेबांनी घसा साफ केला. "हा एक योगायोग आहे. नऊपैकी दोन काचांवर थेंब डावीकडे गेला होता. ते कसं?"

यावर मी उत्तर देऊ शकत होते, पण दिलं नाही. बटणवालीला ओढणार नाही असं मी तिला म्हटलं होतं. शब्द म्हणजे शब्द. साहेबांच्या चेहऱ्यावर पुन्हा ते कालचं हसू यायला लागलं.

"त्या दोन मी सोलल्या," मागून आवाज आला. बटणांपाशी बसलेली बटणवाली खुर्चीतून उठली होती आणि तिचा डावा हात वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा वर होता. "मी डावरी आहे."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. हसू आलं होतं त्या वाटेने परत गेलं.

मी डबा उघडला. बिनफिल्मची काच ठेवली. डॉक्टरबाईंनी दुसरा थेंब सोडला, बसला गुमान. एक मिनिट, दोन मिनिटं, कुठे हलला नाही. मग मी प्लग लावला आणि बटणवालीला म्हटलं, "बोलाव त्याला." थेंब एकेक चौकोन चालत गेला, वळला, औषधाच्या थेंबाला भेटला, दोघं एक झाले आणि रंग बदलला. चोवीस चौकोन. एकदाही वाट सोडली नाही.

"पुन्हा," डॉक्टरबाई म्हणाल्या. आम्ही पुन्हा केलं. मग त्यांनी पिशवीतून रक्ताची छोटी नळी काढली आणि तिसऱ्यांदा खऱ्या रक्ताच्या थेंबावर केलं. तो थोडा जड चालला, पण पोहोचला.

"ही काच कुणी केली?"

"मी."

"मला अशाच काचा हव्यात. फिल्म नको. आणि बाहेरच्याही नकोत." त्यांनी पिशवी बंद केली. "सोमवारी आमच्या वॉर्डमध्ये मशीन लावा."

त्या गेल्या. मी माझ्या खोलीत आले. स्टुलावर बसले. अर्ध्या तासाने साहेब आले आणि त्यांनी दार मागे लोटलं. टेबलावरचा बिनसहीचा कागद उचलला.

"हा मी फाडून टाकतो," ते म्हणाले. "झालं गेलं विसरून जाऊ. तुम्ही इथेच राहा. तुमची टाकी, तुमची भट्टी. प्लगचंही मी काही काढत नाही."

मोठ्या मनाचा माणूस! माझीच खोली मला बक्षीस देत होता.

"फाडू नका," मी म्हटलं. "बिघडलेल्या नऊ काचांच्या नोंदीवर 'लेप असमान' असं लिहिलेलं आहे. कागद फाडला तरी ते तसंच राहतं. मी निवृत्त होईन तेव्हाही राहील."

"मग काय करू म्हणता?"

"खरं लिहा."

"ताई, लॅबप्रमुखाची चूक नोंदीत लिहायची? इथे असं आजवर कधी झालेलं नाही."

"मग आज होईल."

"आणि नाही लिहिलं तर?"

मी हातमोजे काढले आणि टाकीच्या काठावर ठेवले. "तर सोमवारच्या काचा तुम्ही बुडवा. ही टाकी. ही भट्टी. विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या."

साहेबांनी टाकीकडे बघितलं. अकरा वर्षांत ते या खोलीत चार वेळा आले असतील, तेही पाहुणे घेऊन. टाकीचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं तेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.  मी काही मदत केली नाही.

"पेन आहे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे. पण खोलीबाहेर जात नाही. इथेच बसून लिहा."

मी स्टूल सोडलं. ते बसले. बुटक्या स्टुलावर त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले. त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मी उभ्याने वाचलं, सावकाश, एकेक शब्द. नऊही काचांचे क्रमांक होते. लेप निर्दोष असल्याचं लिहिलं होतं. पुढे होतं, 'फिल्म काढण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे थेंब मार्ग सोडून जात होता.'

मी कागद परत त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"पद्धत कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेनाचं टोपण पुन्हा उघडलं.